घटस्फोटाचा हुकूमनामा आणि पाळकाचे कर्तव्य

विवाहाच्या पावित्र्याविषयी आपण व्यासपीठावरून वारंवार बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याचा संसार मोडला आहे असा मनुष्य पाळकाच्या दारी येतो, तेव्हा त्यास उपदेशाबरोबर अचूक माहितीचीही गरज असते. ती नसल्यास सद्हेतूने दिलेला सल्लाही घातक ठरतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पंचांसमक्ष मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेली फारकत, मंडळीच्या कमिटीचा ठराव किंवा पाळकाचे पत्र यांनी ख्रिस्ती विवाह कायदेशीररीत्या संपुष्टात येत नाही. धर्मप्रांतीय न्यायपीठाने विवाह रद्दबातल ठरविला तरी नागरी कायद्याच्या दृष्टीने तो कायम राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. २०१७ सालीही तीच भूमिका कायम राहिली. अशा कागदावर विसंबून दुसरा विवाह लावणे म्हणजे त्या मनुष्यास द्विविवाहाच्या गुन्ह्यात लोटणे होय. शिवाय ज्या स्त्रीशी तो विवाह करतो, तिला कायद्याने पत्नीचे स्थान मिळत नाही.

ख्रिस्ती जनांस लागू असलेला कायदा १८६९ सालचा आहे. पूर्वी पतीस केवळ व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई. पत्नीस मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा परित्याग यांसारखे आणखी कारण दाखवावे लागे. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यास उच्च न्यायालयाची मंजुरीही आवश्यक असे. २००१ सालच्या दुरुस्तीने हे दोन्ही अन्याय दूर झाले. आता व्यभिचार, छळ, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, सात वर्षे ठावठिकाणा नसणे इत्यादी कारणे पतिपत्नी दोघांसही सारखीच उपलब्ध आहेत.

अर्ज जिल्हा न्यायालयात, अथवा जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात करावयाचा असतो. विवाह जेथे लागला, पतिपत्नी जेथे राहतात किंवा शेवटी जेथे एकत्र राहिली, तेथील न्यायालयास अधिकार पोहोचतो. अर्जासोबत विवाह नोंदवहीचा उतारा लागतो. म्हणून आपल्या नोंदवह्या नीट ठेवणे हीही एक सेवाच आहे. त्यानंतर दुसऱ्या पक्षावर समन्स बजावले जाते. समन्स नाकारल्याने खटला थांबत नाही. उलट एकतर्फी निकाल लागू शकतो, हे आपल्या लोकांस स्पष्ट सांगावे. कुटुंब न्यायालय प्रथम समेटाचा प्रयत्न करते. तो निष्फळ झाल्यास साक्षीपुरावे होऊन निकाल दिला जातो.

उभयतांची संमती असल्यास संयुक्त अर्ज करता येतो. कायद्याने त्यापूर्वी दोन वर्षे विभक्त राहण्याची अट घातली आहे. मात्र ती एक वर्षाची समजावी, असे केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ठरविले व पुढे कर्नाटक उच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. म्हणून आपल्या प्रांतात कोणता नियम चालतो, हे वकिलास विचारावे. अर्जानंतर साधारणतः सहा महिने थांबावे लागते. हा अवधी फेरविचारासाठी आहे, आणि पाळकाच्या भेटींस यासारखा उपयुक्त काळ नाही.

खटला चालू असता पत्नीस अंतरिम पोटगी व खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्या अर्जाचा निकाल व्हावा, असा कायद्याचा दंडक आहे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीस विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. पैशांअभावी घरी छळ सोसत बसलेल्या कित्येक भगिनींस ही गोष्ट ठाऊकच नसते.

गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा व १९१० सालचा घटस्फोटाचा कायदा चालतो. तेथील बांधवांनी वरील नियम आपणांस लागू आहेत असे समजू नये.

हे सर्व सांगताना घटस्फोट सोपा करावा असा आमचा हेतू नाही. प्रभूने विवाहाविषयी जे शिकविले ते आम्हांस शिरोधार्य आहे, आणि समेटाची वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु जेथे जिवाला धोका आहे, तेथे सहनशीलतेचा उपदेश करून कोणास परत धाडू नये.

घटस्फोटितांचे पुनर्विवाह लावावेत की नाही, हे प्रत्येक मंडळीने आपापल्या शिस्तीप्रमाणे ठरवावे. जी मंडळी ते लावते, तिच्या पाळकाने हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत स्वतः पाहावी, अपिलाची मुदत संपली आहे व अपील प्रलंबित नाही याची खात्री करावी, आणि मगच विवाहाची घोषणा करावी.