कटिशूल आणि पोहणे : रुग्णास काय सांगावे?

नांदुरा परिसरात चैत्र-वैशाख लागला की मळ्यांतील विहिरी पोहणाऱ्यांनी गजबजतात आणि आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "पोहल्याने कंबर मोकळी होते म्हणतात, मग मी पोहू का?" निंदण, डवरणी व कापसाच्या वेचणीत वाकून वाकून कंबर धरलेल्या शेतकऱ्याने हे विचारणे स्वाभाविक आहे. वैद्याने मात्र 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : दोष कोणता आणि पाणी कुठले.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, २७ व्या अध्यायात, ऊरुस्तंभाच्या रुग्णास शीतल जलाच्या नदीत प्रवाहाविरुद्ध पोहण्यास सांगितले आहे. हा आधार काही वैद्यबंधू कटिशूलासही लावतात. आमच्या मते हे योग्य नव्हे. ऊरुस्तंभात कफ, मेद व आम यांचे प्राबल्य असते. तेथे कफाचा क्षय हा हेतू आहे. कटिशूल व गृध्रसी यांत बहुधा वात प्रधान असतो आणि शीत स्पर्शाने तो वाढतो. रुग्ण पहाटेच्या गार पाण्यातून कंबर आखडून बाहेर येतो, त्याचे कारण हेच.

तथापि पाण्याचा एक गुण निःसंशय उपकारक आहे. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांवर येणारा भार सुमारे निम्मा होतो; छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असल्यास तो सुमारे एक तृतीयांश उरतो. मणक्यांवरील भार असा हलका झाल्याने, जमिनीवर चालताना कळ येणारा रुग्ण पाण्यात सुखाने चालू शकतो. म्हणून ज्यास पोहता येत नाही, त्यास छातीइतक्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा सल्ला द्यावा. पोहणे हा कंबरदुखीवरचा सर्वश्रेष्ठ व्यायाम होय, असे मात्र सिद्ध झालेले नाही. जमिनीवर नित्य चालणेही गुणकारी ठरते. निंदणाऱ्या-वेचणाऱ्या स्त्रियांना, ज्यांच्यासाठी विहिरीत उतरण्याचा प्रघातच नाही, हे आवर्जून सांगावे.

पोहण्याच्या पद्धतींत भेद आहे. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय यांत कंबर मागे वाकते. डोके पाण्यावर उचलून हात मारण्याच्या आपल्या गावठी पोहण्यातही तेच होते. त्यापेक्षा उताणे पोहणे बहुतेकांना सुखावह वाटते. फ्रीस्टाइल करावयाची असल्यास श्वासासाठी डोके न उचलता सर्व अंग कुशीवर वळवावे. कोणत्याही प्रकाराने वेदना पायात उतरू लागली, तर तो प्रकार त्याच क्षणी थांबवावा.

आता विहीर. कटिशूलाच्या रुग्णास ती आम्ही सहसा वर्ज्यच सांगतो. उन्हाळ्यात पाणी खोल जाते, वरून मारलेल्या उडीची उंची वाढते आणि तळाचा खडक जवळ येतो; सूर चुकला तर मानेचा वा कमरेचा मणका मोडतो. शिवाय विहिरीत पाय टेकण्याजोगे उथळ पाणी नसते आणि दोर धरून वर चढताना कमरेस ताण बसतो तो वेगळाच. पूर्णेच्या पात्रात उतरणाऱ्यांनीही वाळूच्या उपशाने पडलेले खड्डे ध्यानी घ्यावेत. तरणतलावाची सोय असेल तेथे शिडीने उतरावे, उडी नको, आणि सोबतीस कोणी असावे.

वाग्भटाने व्यायाम अर्धशक्तीने, तोही शीतकाळी व वसंतात करण्यास सांगितला असून ग्रीष्मात तो त्याज्य मानला आहे. आपल्याकडे नेमका ग्रीष्म हाच पोहण्याचा हंगाम! म्हणून मात्रा अल्पच ठेवावी. कपाळी व काखेत येणारा घाम हे अर्धशक्तीचे लक्षण पाण्यात कळत नाही; तोंडाने श्वास घ्यावा लागू लागताच थांबावे. जेवणानंतर लगेच, तसेच बस्तीच्या परिहारकाळात पोहू नये. तेल लावून पाण्यात उतरू नये. बाहेर आल्यावर अंग कोरडे करून, थोड्या विश्रांतीनंतर कमरेस कोमट तिळतेलाचा अभ्यंग व शेक द्यावा.

मलमूत्राचा अवरोध वा त्यावरील ताबा जाणे, गुदाभोवती बधिरता, पाऊल लुळे पडणे, ज्वर, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना यांपैकी काहीही आढळल्यास पोहण्याचा विचार बाजूला ठेवून रुग्णास त्वरित शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. पहिल्या तीन लक्षणांत मज्जातंतूंवर दाब असण्याची शंका घ्यावी. तेथे काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो.