परदेशस्थ आप्तांना औषधे पाठविताना

कोकणातील अनेक कुटुंबे आखाती देशांत नोकरीस गेलेल्या आप्तांना गावाकडून औषधे पाठवितात. तथापि, येथे चिठ्ठीवर मिळणारे औषध तेथे नियंत्रित असू शकते. संयुक्त अरब अमिरातीत कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी नेण्यास तेथील शासनाची पूर्वपरवानगी लागते. भारतातही २०१८ पासून ट्रॅमाडॉल अंमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. परवानगीविना असे औषध सापडल्यास अटक होऊ शकते. परिचिताच्या सामानातून धाडल्यास तो निरपराध प्रवासीही गोवला जातो. म्हणून प्रथम त्या देशाचे नियम पाहावेत. डॉक्टरांची चिठ्ठी, पावती व मूळ वेष्टन सोबत ठेवावे. शक्य तेथे तेथील डॉक्टरांकडूनच त्याच मूळ घटकाचे औषध लिहून घेणे श्रेयस्कर. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविणे अगत्याचे आहे.