पेल्याला घाम का फुटतो?

बर्फ घातलेल्या सरबताच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात. हे पाणी येते कोठून? मित्रांना विचारून पाहा. कोणी म्हणेल, ‘आतून झिरपले’. कोणी म्हणेल, ‘थंडीचे पाणी झाले’. थोडा शिकलेला सांगेल, ‘हवेतील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग झाला’. न्यूझीलंडमधील ८ ते १७ वर्षांच्या मुलांच्या अशाच कल्पना ऑसबोर्न व कॉसग्रोव्ह यांनी १९८३ साली प्रसिद्ध केल्या होत्या.

आता आपण पारख करू. स्टीलचा एक कोरडा, रिकामा डबा झाकण लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. दमट दिवशी तो बाहेर काढताच ओलसर होतो. आत पाणीच नाही, मग झिरपले काय? दुसरा प्रयोग तराजूचा. बर्फाचा पेला बाहेरून कोरडा पुसून, झाकण ठेवून तोला. थेंब जमले, की ओघळण्यापूर्वी पुन्हा तोला. वजन वाढलेले दिसेल! थंडीला तर वजन नसते. म्हणजे पदार्थ बाहेरून आला. राहिला हायड्रोजन. हवेत तो नगण्य असतो, आणि ठिणगीवाचून त्याचा ऑक्सिजनशी संयोगही होत नाही.

खरे उत्तर आहे हवेतील अदृश्य बाष्प. ३०° सेल्सिअसला १ घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. १०° ला जेमतेम ९ ग्रॅम. पेल्यालगतची हवा थंड झाली, की जादा बाष्पाचे पाणी होते. हेच सांद्रीभवन.

यातील गंमत पुढेच आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते. बाष्पाचे पाणी होताना तीच बाहेर पडते. पेल्यावर १ ग्रॅम दव जमताना सुमारे ५९० कॅलरी उष्णता मोकळी होते. ती सगळी आत गेली, तर ७ ग्रॅम बर्फ वितळेल! आपला घाम वाळताना आपल्याला गार करतो. पेल्याचा ‘घाम’ मात्र सरबत गरम करतो.

म्हणूनच कुकरच्या वाफेपासून हात जपा. १००° चे १ ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरी देते. तेवढीच वाफ त्याआधी, नुसते पाणी होतानाच, ५४० कॅलरी देऊन बसते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी: उकळत्या पाण्यातून शेवटपर्यंत येत राहणारे मोठे बुडबुडे कशाचे असतात? ‘हवेचे’ म्हणण्यापूर्वी विचार करा, इतकी हवा पाण्यात होती कोठे?