बावीस अक्षरांचा विलाप

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या फौजेने यरुशलेम जिंकलं. लांबलेल्या वेढ्यात उपासमारीने माणसं आधीच अर्धमेली झाली होती. तट पाडले गेले, मंदिर जाळलं गेलं, शहरातल्या लोकांना कैद करून बाबेलला नेलं गेलं. या विध्वंसावर कुणीतरी पाच कवितांचा विलाप रचला. परंपरा यिर्मया संदेष्ट्याचं नाव सांगते. पुस्तकात मात्र कवीने आपलं नाव कुठेच घातलेलं नाही. पवित्र शास्त्रातलं हे छोटंसं पुस्तक म्हणजे ‘विलापगीत’. मराठीत वाचताना त्यातली एक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही, आणि कुणी दाखवून दिली की थक्क व्हायला होतं. हा सगळा आक्रोश वर्णमालेच्या क्रमाने रचलेला आहे.

हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं आहेत. आलेफ पहिलं, ताव शेवटचं. विलापगीताच्या पहिल्या अध्यायात २२ वचनं आहेत. पहिलं आलेफने सुरू होतं, दुसरं बेथने, तिसरं गिमेलने, आणि असं करत करत कवी तावपर्यंत पोचतो. दुसऱ्या अध्यायात तो पुन्हा आलेफपासून सुरुवात करतो. तिसऱ्यात स्वतःवरचं बंधन तिप्पट करतो: प्रत्येक अक्षराने लागोपाठ तीन वचनं, एकूण ६६. चौथ्यात पुन्हा २२. एखाद्या आईने गेलेल्या लेकरासाठी ओव्या रचाव्यात आणि पहिली ‘क’ने, दुसरी ‘ख’ने, अशा थेट ‘ज्ञ’पर्यंत एकही अक्षर न चुकवता न्याव्यात, तसं हे काम आहे.

इतक्या दुःखात एवढी कारागिरी कशासाठी? अभ्यासक याची वेगवेगळी उत्तरं देतात. त्यातली दोन मला विशेष पटतात. पहिलं असं, की दुःखातलं काहीही सांगायचं राहू नये म्हणून कवी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जातो. उपाशी लेकरं, ओस पडलेले रस्ते, जमिनीवर मुकाट बसलेले वडीलधारे, सगळं येतं. दुसरं उत्तर याच्या नेमकं उलट्या बाजूचं आहे. वर्णमालेला शेवट असतो. ज्या दुःखाला अंत दिसत नाही, त्याला कवीने एक काठ बांधून दिला. आज एवढं रडायचं, तावपर्यंत; उद्या पुन्हा आलेफपासून.

या कवितांची चालही ऐकण्यासारखी आहे. कार्ल बुडे या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये दाखवून दिलं, की यातल्या कितीतरी ओळींचा पहिला भाग तीन ठोक्यांचा आणि दुसरा दोनच ठोक्यांचा असतो. ओळ सुरू होते आणि अर्ध्यात लंगडते. रडणाऱ्या माणसाचा श्वास जिथे अडकतो, तिथेच तीही अडकते.

आणि आशा? ती आहे, पण कुठे आहे ते पाहा. पाच अध्यायांपैकी बरोबर मधल्या, तिसऱ्या अध्यायात कवीला देवाची दया आठवते. ती संपलेली नाही, रोज सकाळी नव्याने मिळते, असं तो म्हणतो. दुसऱ्या कुणी हे पुस्तक लिहिलं असतं तर हा भाग शेवटी ठेवला असता. इथे आशेचे हे शब्द येतात, आणि त्यानंतर कवी पुन्हा रडू लागतो. पाचव्या अध्यायात वचनं २२च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. जणू शिस्त सांभाळायचं बळ संपलं, तरी मोजमाप हातून सुटलं नाही. पुस्तक संपतं ते देवाने आपल्याला कायमचं टाकलं की काय, या धास्तीवर.

असं पुस्तक लोकांनी अडीच हजार वर्षं जपलं. यहुदी समाज आव महिन्याच्या नवव्या दिवशी उपास करतो आणि सभास्थानात जमिनीवर बसून हा विलाप वाचतो. शेवटचं वचन वाचून झालं की त्याच्या आधीचं, परत फिरवण्याची विनवणी करणारं वचन पुन्हा एकदा म्हणतात, म्हणजे वाचन धास्तीवर थांबत नाही. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांनी, हा दिवस ‘बिरड्याचा सण’ या घरगुती नावाने पाळला. यरुशलेमची राख रायगडच्या किनाऱ्यावर वालाच्या बिरड्याच्या सोबतीने आठवली जात होती!

ख्रिस्ती मंडळीने हा विलाप येशूच्या दुःखसहनाच्या आठवड्यात आणला. पश्चिमेकडच्या जुन्या प्रथेत ईस्टरच्या आधीचे तीन दिवस एक खास उपासना होई. त्रिकोणी दिवठणीवर १५ मेणबत्त्या लावत आणि एकेक स्तोत्र झालं की एकेक विझवत. त्या उपासनेत विलापगीत गायलं जाई. लॅटिन भाषांतरात वर्णमालेची रचना टिकणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक वचनाआधी हिब्रू अक्षराचं नावच लिहून ठेवलं होतं: आलेफ, बेथ, गिमेल. गायकांनी ही नावंही गायला घेतली. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस टॅलिसने आणि १७१४ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वा कूपरँने या अक्षरांना इतक्या लांब, हळव्या स्वरावली दिल्या, की ऐकताना वाटतं, शब्दांत न मावलेलं सगळं त्या एका अक्षरात आलं आहे.

हे सगळं इतक्या बारकाईने सांगण्याचं कारण आहे. संकटात श्रद्धा ठेवणं म्हणजे तक्रार न करणं, अशी समजूत आम्हा ख्रिस्ती माणसांतही घट्ट बसलेली आहे. घरात कुणी गेलं की भेटायला येणारे म्हणतात, रडू नका, देवाची इच्छा होती. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ज्या शास्त्राच्या आधारे आपण असं बोलतो, ते शास्त्र असं बोलत नाही. ते रडणाऱ्याला शब्द पुरवतं.

स्तोत्रसंहिता उघडा. तिच्या १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विलापाची आहेत. स्तुतीच्या या महाग्रंथात सर्वांत मोठा गट गाऱ्हाण्यांचा आहे! नमुन्याला तेरावं स्तोत्र घ्या. अवघ्या सहा वचनांचं, दावीदाच्या नावावर असलेलं. पहिल्या दोन वचनांत देवाला एकच प्रश्न चार वेळा विचारला आहे: हे आणखी किती दिवस चालणार? पुढच्या दोन वचनांत मागणी आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणं आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये काय घडलं? शत्रू हटल्याचा उल्लेख नाही, आजार बरा झाल्याचा नाही. परिस्थिती तीच, माणूसही तोच. फक्त त्याने मनातलं सगळं देवासमोर ओतलेलं आहे. बहुतेक विलापस्तोत्रांना हाच सांगाडा आहे: हाक, गाऱ्हाणं, मागणी, भरवसा.

बहुतेक म्हणालो, कारण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र या वळणापर्यंत पोचतच नाही. ते हाकेने सुरू होतं, गाऱ्हाण्यात बुडतं आणि अंधारातच संपतं. भरवशाची एकही ओळ शेवटी येत नाही. संग्रह करणाऱ्यांना ते गाळता आलं असतं, निदान शेवटी एखादं समाधानाचं वचन जोडता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. ज्याला आज देवाचं मुळीच काही जाणवत नाही, त्याच्यासाठीही उपासनेत जागा राखून ठेवली.

ईयोबाच्या ग्रंथात याच प्रश्नाचा खटला चालतो. धन, मुलंबाळं, तब्येत, सगळं गमावलेला ईयोब राखेत बसला आहे. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसतात. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच. मग ते बोलू लागतात, आणि अध्यायामागून अध्याय त्यांचं म्हणणं एकच: तू काहीतरी पाप केलं असशील. ईयोब ते मान्य करत नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो, देवाकडेच न्याय मागतो. अखेर वावटळीतून देव बोलतो, पण दुःखाचं कारण सांगतच नाही. तो ईयोबाला कृत्तिका आणि मृग दाखवतो, डोंगरातल्या रानशेळ्यांची वीण दाखवतो, समुद्राला घातलेली सीमा दाखवतो. ईयोब नमतो. आणि शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात निकाल लागतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर देव रागावतो आणि त्याच्याशी भांडणारा ईयोब आपल्याविषयी योग्य बोलला, असं सांगतो. मी हा निकाल जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझा श्वास रोखला जातो.

नव्या करारात हा धागा तुटत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईवडिलांचं? येशू दोन्ही नाकारतो. लाजराला उठवायला निघालेला असतानाही तो त्याच्या कबरेच्या वाटेवर रडतो. गेथशेमाने बागेत तो पित्याला विनवतो, की शक्य असेल तर हे दुःख टळू दे. आणि वधस्तंभावर, देवाने आपल्याला का सोडलं हे विचारताना, तो बाविसाव्या स्तोत्राचीच सुरुवात तोंडी आणतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथे आहे. ज्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं, तोच गाऱ्हाणं करणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण राहिले. थोमाला त्याने तेच दाखवले.

प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, की संकटातून धीर येतो, धीरातून कसाला उतरलेला स्वभाव आणि त्यातून आशा. हे वाक्य पुष्कळांना पाठ असतं. पण हाच पौल करिंथकरांना मोकळेपणाने सांगतो, की आशिया प्रांतात आपल्यावर इतकं दडपण आलं, की जगण्याचीही आशा सुटली होती. शरीरातला काटा काढून टाक, अशी त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेल एवढंच उत्तर मिळालं. त्याच पत्राच्या सुरुवातीला तो म्हणतो, की देवाकडून आपल्याला मिळालेलं सांत्वन दुसऱ्या दुःखी माणसापर्यंत पोचवायचं असतं.

मराठी मुलखात या वाक्याचा अर्थ पाहायचा असेल तर दौंडजवळच्या केडगावकडे पाहावं. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. कडेवर तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. तिथल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून खडाजंगी वाद घातले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक काय असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतलं. केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत होत्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई कामाला लागलेल्याच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्या आलेफपासून तावपर्यंतच्या ओळी वाचणाऱ्या या बाईला त्यांतला प्रत्येक शब्द ओळखीचा असणार.

रमाबाईंच्या दुःखाचं कारण त्यांना कुणी समजावून दिलं नाही. आपल्यालाही बहुधा मिळणार नाही. पण हातात काही साधनं आहेत. स्वतः संकटात असाल तर तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्याच्या सांगाड्यात आपलं गाऱ्हाणं भरा: कुणाचं नाव, कोणता आजार, किती महिने झाले, सगळं. तेही जमत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं आहे. देवाशी भांडणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो. आणि दुसऱ्याच्या घरी दुःख असेल, तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा. जवळ बसा, चहा करा, दवाखान्याची फेरी मारा. त्याने ऐकायचं म्हटलं तर तेरावं स्तोत्र वाचून दाखवा, मात्र पाचव्या वचनापर्यंत पोचायची घाई करू नका.