सोयाबीनला कुलूप, सट्ट्याला मोकळे दार

इंदूर मराठी माणसाला परके वाटत नाही. होळकरांचा राजवाडा, अहिल्यादेवींचे पुण्यस्मरण आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी घरे ह्यांमुळे नर्मदा ओलांडूनही आपण आपल्याच मुलखात आहोत असे तिथे गेलेल्यास वाटते. परंतु ह्या शहराची आणखी एक ओळख आहे आणि तिचा धागा थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू चीनला जाई, तेव्हा कंपनी सरकारची बंधने आणि कर चुकवण्यासाठी तिचा मोठा भाग पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून जहाजावर चढत असे. रोजेरियो द फारिया ह्यांच्यासारखे गोमंतकीय व्यापारी त्या व्यापारात अग्रभागी होते. कराचा दर बदलला की व्यापार आपली वाट बदलतो, ही गोष्ट माळव्याच्या व्यापाऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

ह्या परंपरेचे मुकुटमणी म्हणजे सर सेठ हुकुमचंद. अफू आणि कापूस ह्यांच्या सट्ट्यात त्यांचे नाव देशभर गाजले. पण त्याच पैशातून इंदुरात कापडगिरणी उभी राहिली, काचमंदिर उभे राहिले. सट्ट्याचे समर्थन आम्ही करीत नाही. तथापि त्या सट्ट्याचा पैसा अखेर चात्या आणि मागांपर्यंत पोचला व हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या, हे नाकारता येणार नाही. ती हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या एकतीस वर्षांत कितीजण डोळे मिटून गेले असतील, ते सांगावयास नको.

आज इंदूरचा व्यापारी ज्या तीन विषयांवर हिरिरीने वाद घालतो, त्यांत गिरणीही नाही आणि कापूसही नाही. ऑप्शनचा रास्त भाव कोणता, खनिज तेलाच्या चढउताराने आपले गणित कसे बिघडते आणि सरकारने सौद्यावर किती कर घ्यावा, हे ते तीन विषय होत. वाद जाणकारांचा आहे. म्हणूनच त्यात जे बोलले जात नाही, त्याकडे बोट दाखवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऑप्शन हे नाव नवे, वस्तू जुनीच. ठरावीक मुदतीच्या आत ठरावीक भावाने माल घेण्याचा किंवा देण्याचा हक्क थोडी रक्कम आगाऊ मोजून विकत घ्यायचा, ह्याला आपल्या जुन्या बाजारात तेजी लावणे, मंदी लावणे असे म्हणत. स्वतंत्र भारताने १९५२ च्या कायद्याने मालाच्या आणि १९५६ च्या कायद्याने रोख्यांच्या अशा सौद्यांना बंदी केली. रोख्यांवरची बंदी १९९५ मध्ये उठली आणि २००१ पासून निर्देशांकाचे ऑप्शन रीतसर सुरू झाले. दरम्यान ब्लॅक आणि शोल्स ह्या दोन पंडितांनी १९७३ मध्ये ह्या हक्काची किंमत काढण्याचे सूत्र मांडले होते. सूत्र अवघड असले तरी त्यातला मुख्य मुद्दा आपल्या मासळीबाजारात कोणालाही समजेल. बांगड्यांच्या टोपलीतला बर्फ जसा उन्हात विरघळतो, तसे ह्या हक्काचे मोल मुदत जवळ येईल तसतसे घटत जाते. भाव मनासारखा फिरला नाही तर शेवटच्या दुपारी टोपलीत नुसते पाणी उरते. मुदत महिन्याची होती ती आठवड्याची झाली. म्हणजे बर्फ थोडा आणि ऊन कडक.

सूत्रावर विसंबणाऱ्यांना तेलाने शिकवलेला धडा तर अजून ताजा आहे. २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, अमेरिकेतील खनिज तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याखाली गेला आणि पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. माल साठवायला जागाच नव्हती, तेव्हा विकणारा घेणाऱ्याला वर पैसे देऊ लागला! मुंबईचा वस्तुबाजार टाळेबंदीमुळे त्या दिवसांत सायंकाळी पाचलाच मिटत होता. पिंपाला नऊशेच्या वर रुपये मोजून येथील व्यापारी घरी गेले आणि रात्री जे घडले त्याच्या आधारे त्यांच्या सौद्यांची तडजोड उणे २,८८४ रुपयांनी झाली. एका सौद्यात पिंपे शंभर. एवढ्या एका सौद्याची खोट पावणेचार लाखांवर गेली. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात उणे किमतीला जागाच नाही, म्हणून अमेरिकेतल्या बाजाराला ते बाजूला ठेवून लुई बाशेलिए ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या १९०० सालच्या पद्धतीकडे वळावे लागले.

हे झाले जाणत्यांचे. अजाणत्यांचे काय झाले, ते सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत शेअरच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. ह्यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे कळवले होते. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. बहुसंख्य मुंबई-दिल्लीचे नव्हेत, लहान गावांचे. समोरच्या बाजूला नफा कोणाचा, तर प्रामुख्याने यंत्राकरवी क्षणार्धात सौदे करणाऱ्या मोठ्या संस्थांचा. इंदुरातून फोनवरून ‘खात्रीचे’ सल्ले विकणाऱ्या कित्येक पेढ्यांवर सेबीने मागे कारवाई केली. त्यांचे गिऱ्हाईकही हेच. ह्या पैशातून कोणती गिरणी उभी राहिली?

आता कराविषयी. २२ जुलै २०२४ रोजी संसदेत ठेवलेल्या आर्थिक पाहणीत ह्या सौद्यांचा संबंध माणसाच्या जुगारी वृत्तीशी असल्याचे सरकारनेच नमूद केले. दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प आला. त्यात हे सौदे आवरले गेले नाहीत, त्यांच्यावरचा कर तेवढा वाढला: शंभर रुपयांच्या प्रीमियमवर सव्वासहा पैसे होते, ते दहा पैसे झाले. व्यापाऱ्यांची तक्रार अशी की हा कर तोट्यातल्यालाही भरावा लागतो आणि त्याने बाजार आटतो. तक्रार खोटी नाही, परंतु अर्धी आहे. पावणेचार पैशांच्या वाढीने आठवड्याच्या मुदतीवर पगार लावणारा पोरगा थबकेल, असे अर्थमंत्रालयातही कोणी मनापासून मानीत असेल असे आम्हांस वाटत नाही. सेबीने पुढे सौद्याचा आकार वाढवला, आठवडी मुदती कमी केल्या. त्याचा काही उपयोग झाला. कर मात्र सट्टा थांबवीत नाही, त्यात सरकारची पाती ठेवतो.

आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. मटक्याचा जन्मच न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर पैजा लावण्यातून झाला. तो बेकायदा राहिला, म्हणून पोलिसांच्या धाडी पडतात. मांडवीत तरंगणाऱ्या कॅसिनोंवर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर बसला. नदी मोकळी करण्याची आश्वासने ऐकता ऐकता आमचे केस पांढरे झाले. जहाजे मात्र नदीतच राहिली. उत्पन्न सुरू झाले की नैतिक संताप कसा मवाळ होतो, हे गोमंतकीयाने इंदूरच्या माणसाला सांगावे.

पण इंदूरच्या बाबतीत खरा अन्याय वेगळाच आहे आणि तो ह्या वादात जवळजवळ ऐकूच येत नाही. माळवा सोयाबीनचा प्रदेश. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इंदूरच्या नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेडवर सोयातेलाचे वायदे चालत आणि चार महिन्यांनी काय भाव असेल ह्याचा अंदाज अडत्यापासून तेलगिरणीवाल्यापर्यंत सर्वांना त्यावरून येई. वायद्यात सट्टेबाज असतातच. परंतु त्यांच्या पलीकडे प्रत्यक्ष माल, गोदाम आणि शेत असते. डिसेंबर २०२१ मध्ये महागाईच्या नावाखाली सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे एका वर्षासाठी थांबवण्यात आले. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि मार्च २०२५ मध्ये आणखी एक वर्ष वाढली. ज्या सौद्यामागे पीक होते त्याला कुलूप, आणि ज्याच्यामागे निर्देशांकाच्या आकड्याखेरीज काही नाही त्याला कर भरून मोकळे दार! महागाईचा दोष वायद्यांचा म्हणावा, तर देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते आणि त्याचा भाव मलेशिया-इंडोनेशियात ठरतो. शेतमालाचे वायदे कडक देखरेखीखाली चालू द्यावेत आणि वर्षाला पाच लाख मिळवणाऱ्याला आठवडी ऑप्शनच्या दारातच अडवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. महसूल बुडेल, ही सबब आम्ही ऐकणार नाही.

ऑप्शनवरचा वाढीव कर १ ऑक्टोबर २०२४ रोजी लागू झाला. त्या दिवसांत माळव्यात सोयाबीनची कापणी चालू होती. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मंडीतले भाव त्याच्या खाली होते आणि सहा हजारांची मागणी करीत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. माल आज विकावा की पौषापर्यंत घरात ठेवावा, हे ठरवायला त्यांच्यापाशी पुढच्या महिन्यांचा एकही भाव नव्हता.