वरून रंग, आतून गंज!

होस्टेलचं वॉशिंग मशीन म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. वापरणारे सगळे, पुसणारा कोणीच नाही! मग खालच्या कडेला तांबूस डाग दिसतो, "मशीन जुनं झालं राव," असं कोणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. मित्रांनो, खरा विषय तिथूनच सुरू होतो. ओल्या फरशीवरच्या मशीनला चढलेला गंज हा फक्त दिसण्याचा प्रश्न नसतो. वेळप्रसंगी तो जिवाशी येऊ शकतो.

आधी गंज लागतो कसा ते पाहू. रंग खरवडलेल्या पत्र्यावर पाण्याचा थेंब थांबला की तिथे एक छोटासा सेल तयार होतो. एका जागी लोखंड विरघळतं (अ‍ॅनोड), तर दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो (कॅथोड). पाण्यात मीठ असेल तर करंट सहज वाहतो आणि गंज झपाट्याने वाढतो.

आपल्या जिल्ह्यात याला विशेष महत्त्व आहे. प्रवरा नदीवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालवे आले, ऊस आला. पण जिथे पाण्याचा नीट निचरा झाला नाही तिथे जमिनी चोपण झाल्या आणि विहिरी-बोअरचं पाणी मचूळ झालं. अशा पाण्यातले क्लोराईड पत्र्याचे वैरीच. मात्र नळाजवळ जमणारा पांढरा थर म्हणजे गंज नव्हे. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार.

गंजाची जागा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो आणि फुगे येतात. त्या फुग्यांवरच नवा रंग फासणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! उपाय असा करावा:

१. नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून ठेवा.

२. सुटलेला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा. चकचकीत धातू दिसेपर्यंत थांबू नका.

३. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, थिनरने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

४. खड्ड्यांत गंज उरला असेल तर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर हातमोजे घालून लावा. त्याने गंजाचं लोह-फॉस्फेट बनतं. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं टिकला, त्यालाही फॉस्फेटच्या थरानेच तारलं आहे.

५. रेड ऑक्साईड प्रायमर लावा, तो वाळला की इनॅमलचे दोन हात द्या.

पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर घरगुती डागडुजीच्या भानगडीत पडू नका, मेकॅनिकला बोलवा.

आता सर्वात महत्त्वाचं. मशीनच्या बॉडीला अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूने जोडलेली असते. त्या स्क्रूखाली गंज चढला की अर्थिंगची जोडणी कच्ची होते. मग आत एखाद्या वायरचं इन्सुलेशन गेलं तर बॉडीत करंट उतरतो, आणि आपण असतो ओल्या पायांनी उभे! म्हणून त्या स्क्रूखालचा धातू स्वच्छ हवा, तिथे रंग किंवा प्रायमर नको. हे काम होस्टेलच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि मल्टिमीटरने जोडणी तपासायला सांगा. ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल तर आणखी उत्तम. हाताला झिणझिण्या आल्या तर मशीनला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा.

ड्रम स्टेनलेस स्टीलचा असतो. क्रोमियमच्या पातळ ऑक्साईड थरामुळे तो टिकतो. त्यावरचे तांबडे ठिपके बहुधा खिशात राहिलेल्या पिना, खिळे, स्क्रू यांचे. ते लिंबूसत्वाच्या पाण्याने पुसले जातात. ब्लीच घातलेलं पाणी मात्र ड्रममध्ये तासन्‌तास ठेवू नका, त्याने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

कपड्यावर गंजाचा डाग पडला तर पोरं आधी ब्लीच ओततात. त्याने डाग जात नाही, उलट पक्का बसतो! तिथेही लिंबूसत्वच लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. पण लिंबूसत्व आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आणि गंज लागूच नये म्हणून? धुणं झालं की झाकण उघडं ठेवा, खालची कड कोरड्या फडक्याने पुसा, गळणाऱ्या पाईपचा वायसर बदला, मशीन फरशीपासून उंच स्टँडवर ठेवा आणि ओल्या बादल्या त्यावर ठेवू नका. प्रत्येक मजल्यावर एकाने जरी आठवड्यातून दहा मिनिटं दिली तरी मशीनचं आयुष्य वाढेल. रंगाच्या पहिल्या फुग्यालाच इलेक्ट्रिशियनला आवाज द्या, भोक पडायची वाट पाहू नका.