ठेवीचा पडदा आणि पेढीची वही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा या लेखकास चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व उभी हयात तांदूळ-गव्हाच्या पोत्यांत घालविलेल्या माणसाने धान्याच्या भावाखेरीज दुसऱ्या कशावर लिहावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. मलाही पडला होता. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या घरी जी चर्चा झाली, ती आपल्या समाजबांधवांच्या व विशेषतः तरुण मुलांच्या हिताची आहे असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

माझा पुतण्या बंगळूर येथे नोकरीस आहे. क्रिप्टो चलनात ठेवी स्वीकारणाऱ्या एका कंपनीच्या मोबाईल ॲपची मांडणी नव्याने करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. कोणते बटण कोठे असावे, पडदा उघडताच प्रथम काय दिसावे, हे ठरविणे हाच त्याचा व्यवसाय. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्हांला यातले काय समजत नाही, ते सांगा. म्हणजे मी ते सोपे करीन." मी त्याला वही घेऊन बसविले, कारण या विषयाची झळ आमच्या घरास आधीच लागली होती.

प्रथम ही ठेव म्हणजे काय, ते पाहू. बिटकॉइन हे या चलनांपैकी सर्वांत जुने. ते जानेवारी 2009 मध्ये सुरू झाले. त्यास सरकार नाही, टांकसाळ नाही. कोणी कोणास किती नाणी दिली याची एकच कीर्द जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, आणि एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांपलीकडे जाणार नाहीत असा नियम त्या व्यवस्थेतच घातलेला आहे. इथपर्यंत व्याजाचा संबंध नाही. वखारीत पडलेला गहू आपोआप वाढत नाही, तसे नाणेही वाढत नाही. ठेव-योजना चालविणारी कंपनी आपली नाणी घेऊन ती दुसऱ्यास कर्जाऊ देते किंवा स्वतः व्यवहारात घालते, आणि त्या कमाईतला वाटा व्याज म्हणून आपणांस देते. म्हणजे नाव नवे असले तरी व्यवहार पेढीवर ठेव ठेवण्याचाच आहे.

माझ्या धाकट्या मुलाने मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली रक्कम काही वर्षांपूर्वी अशाच एका योजनेत ठेवली होती. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. एके सकाळी पैसे काढण्याचे बटण चालेनासे झाले. आश्चर्य असे की पडद्यावरील शिल्लक मात्र होती तशीच हिरव्या अक्षरांत झळकत होती, आणि रोजचे व्याजही जमा होताना दिसत होते. मुलगा कित्येक आठवडे तो आकडा मला आणून दाखवीत असे. आजवर मूळ रकमेचा काही अंशच परत आला आहे. ज्या वहीत जमा दिसते पण गल्ल्यात रोकड नाही, त्या वहीस आपण व्यापारी काय म्हणतो, हे सांगण्याची गरज नाही.

जगातही असे घडले आहे. वर्षाला 17-18 टक्क्यांपर्यंत व्याजाची जाहिरात करणाऱ्या सेल्सियस या अमेरिकन कंपनीने 12 जून 2022 रोजी पैसे काढणे थांबविले व पुढच्याच महिन्यात दिवाळे जाहीर केले. ज्यात अनेक भारतीयांच्या ठेवी होत्या, त्या सिंगापूरच्या व्हॉल्डनेही 4 जुलै 2022 रोजी पैसे काढणे थांबविले.

आता आमच्या वहीत जे पाच मुद्दे उतरले, ते क्रमाने देतो.

पहिला, ताबा कोणाचा. आपली नाणी कोणाच्या हाती व कोणत्या देशात आहेत, हे पहिल्याच पडद्यावर लिहिलेले असावे. गोमंतकीयांस हे समजाविण्याचे कारण नाही. 1961 साली मुक्तीच्या सुमारास बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेकडे आपल्या लोकांनी तारण ठेवलेले दागिने लिस्बनला नेण्यात आले आणि ते 1991 साली परत आले. तीस वर्षे कागद घरी आणि सोने समुद्रापार! तिथे निदान वस्तू शाबूत राहिली. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय बाजारातून चोरांनी सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी लांबविली.

दुसरा, व्याजाचा उगम. "वार्षिक 12 टक्के" असे मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्याने त्याखालीच तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे की हे व्याज कोणास कर्ज देऊन मिळते व त्याने बुडविल्यास तोटा कोणाचा. बँक बुडाल्यास 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराच्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे. क्रिप्टोच्या ठेवीस तसे संरक्षण नाही, हे वाक्य लपविण्याचे नव्हे.

तिसरा, बाहेर पडण्याचे दार. पुतण्याने जुनी मांडणी दाखविली, तीत पैसे ठेवण्याचे बटण पडद्याच्या मध्यभागी आणि काढण्याचे चार पडदे ओलांडून. मी त्यास म्हटले, की ज्या वखारीत माल आत नेण्यास मोठा दरवाजा आणि बाहेर काढण्यास खिडकी, तिथे मी एक पोतेही ठेवणार नाही. दोन्ही बटणे शेजारी असावीत, आणि पैसे हाती येण्यास किती दिवस लागतील ते तिथेच लिहावे.

चौथा, माप आणि मोल. वखारीत शंभर क्विंटल गहू असेल तर आपण शंभर क्विंटल हीच शिल्लक मांडतो. त्याचे रुपये त्या दिवसाच्या भावावर. बिटकॉइनचा भाव नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलर होता, तो वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आला. मग 12 टक्के व्याज कोणत्या भोकास बुजणार? म्हणून नाणी किती व आजचे रुपये किती, हे दोन्ही आकडे वेगळे दिसावेत. शिवाय 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, विक्रीच्या वेळी 1 टक्का कपात, आणि या व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्यास मनाई आहे. हाती पडणारी रक्कम कर वजा जाऊन किती, तेही सांगावे.

पाचवा, वारस. पासबुक कपाटात सापडते. मोबाईलचा संकेतशब्द माणसाबरोबर जातो. खाते उघडतानाच वारसाचे नाव विचारावे, व त्याने दावा कसा करावा हे मराठीत लिहावे.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, हे सारे पहिल्या पडद्यावर लिहिले तर निम्मे लोक पैसेच ठेवणार नाहीत." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी इतकेच सांगितले, की गिऱ्हाईक पोत्याच्या तोंडचा दाणा पाहून समाधान मानत नाही. पोत्याच्या पोटातला दाणा काढून तळहातावर घेतो. जो व्यापारी त्यास अडवितो, त्याचा माल एकदा खपतो. जे निम्मे राहतील, ते समजून राहतील.

अलीकडे त्याचा फोन आला. काढण्याचे बटण पहिल्या पडद्यावर आले, मुदतही लिहिली गेली, वारसाची नोंद सक्तीची झाली. ताबा व व्याजाचा उगम मात्र कंपनीने आतल्या पानावरच ठेवला. तो खिन्न होता. मी त्यास पुन्हा मागणी करण्यास सांगितले आहे.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे, की 2012 साली खाणी बंद झाल्यानंतर डिचोलीत ट्रक विकून, आणि मोपा विमानतळाच्या परिसरातील जमिनीच्या व्यवहारांतून पेडण्यात, पुष्कळ घरांत एकरकमी पैसा आला. तो पुन्हा येणारा नव्हे. तरुणांनी नवे व्यवहार करूच नयेत, असे मी म्हणत नाही. परंतु ठेव ठेवण्यापूर्वी मोबाईल घेऊन घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे, आणि वरील पाच प्रश्नांची उत्तरे त्या पडद्यावर शोधावीत. उत्तर न सापडल्यास रक्कम आपल्याजवळच ठेवावी. आणि ठेव ठेवलीच, तर महिनाभरात त्यातील थोडी रक्कम काढून पाहावी. दार उघडते की नाही, हे रक्कम लहान असतानाच कळलेले बरे.